लाल दोरीचा दुदोव

लू घराण्यात मला पाण्याकडच्या दारानं घेतलं. होडी पायरीला लागली, दार आतून उघडलं आणि एका बाईनं माझ्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

"हे इथंच राहील," ती म्हणाली. "अंगावरचंही."

ती दोंग मावशी. घरातल्या बायकांच्या अंगालगतच्या कपड्यांची सगळी व्यवस्था तिच्याकडे. कोणी काय घालायचं, ते कशात धुवायचं, कुठं वाळवायचं, सगळं तीच ठरवायची. तिनं मला पायरीजवळच्या खोलीत नेलं, गरम पाण्याचं घंगाळ दाखवलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. मी वरचा अंगरखा काढला, विजार काढली. छातीपोटावरच्या दुदोवाशी हात थांबला.

"तोही."

"हा माझ्या आईनं भरलाय."

"सगळ्यांचे आयांनीच भरलेले असतात. काढ."

माझा दुदोव जाड्याभरड्या सुताचा, निळीत बुडवलेला. रुमाल कोपऱ्यावर उभा धरावा तसा आकार, वरचं टोक कापून तिथं मानेत अडकवायची लाल दोरी, दोन बाजूंना पाठीमागे बांधायचे बंद, खालचं टोक बेंबीच्या खाली. पुढं भोपळ्याचा वेल. आतल्या बाजूला पोटावर येईल असा एक खिसा, त्यात सुंठ आणि नागदवण्याचा पाला. येताना होडीत दूध उतरलं होतं, त्याचे दोन ओले गोल अजून दिसत होते. दोंग मावशीनं तो दोन बोटांत धरला.

"घराच्या वारसाच्या तोंडाला बाहेरचं कापड लागू द्यायचं नाही. जाळायचा असतो." मग तिनं माझ्या गळ्यात दुसरा अडकवला, पांढऱ्या रेशमाचा. त्याला दोरी नव्हती, साखळी होती. "चांदीची आहे. आमच्या गळ्यात तांब्याची. तुला दूध आहे म्हणून चांदी."

"आणि बाईसाहेबांना?"

"सोन्याची. का, बदलून पाहिजे?"

इथं आपल्याला रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. साखळी गार होती, एवढंच लक्षात आहे.

त्या वर्षी आमच्याकडचे रेशमाचे किडे ऐन कोश करायच्या वेळी पांढरे पडले आणि टोपल्यांतच मेले. नवरा धान्याच्या नावा ओढायला उत्तरेला गेला. घरी सासू, नणंद च्याओ आणि माझी आल्येन. आल्येनचे अजून दातही आले नव्हते. सूचौ शहरातल्या लूंना दूध पाजायला बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा बोलणी करायला सासूच गेली. मला कोणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. मी हो म्हणाले. हो म्हणताना आपण काय म्हणतोय ते मला ऐकू येत होतं, पण भिंतीपलीकडून ऐकू यावं तसं.

थोरल्या बाईसाहेबांनी, म्हणजे घरातल्या सासूबाईंनी, माझी परीक्षा घेतली. दात बघितले, काखेचा वास घेतला, माझ्या दुधाचा थेंब स्वतःच्या नखावर घेऊन तो ओघळतो की थांबतो ते पाहिलं. थांबला.

"वाचता येतं म्हणे?"

"येतं. वडील गावातली मुलं शिकवायचे. मी मागे बसायची."

"बरं झालं. दुधातून दोन अक्षरं उतरली तर उतरली. नातवाच्या बापाला तर शिक्षक ठेवूनही काही उतरलं नाही."

दोंग मावशी तोंडावर हात ठेवून हसली. अशी मी तिथं थाओ दाई झाले. थाओ हे नवऱ्याचं आडनाव. माझं नाव कोणाला लागलं नाही.

बाओशंग, घराचा वारस, शांत मुलगा होता. पोटभर प्यायचा आणि लगेच झोपायचा. तो झोपला की मी त्याच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की बोट काढायची, थोड्या वेळानं पुन्हा धरायची. आल्येनच्याही धरायची. सासू म्हणायची, तुझ्या बोटानंच मुलगी गुदमरेल. इथं मला कोणी काही म्हणत नव्हतं. उलट थोरल्या बाईसाहेब सगळ्यांना सांगायच्या, ही बाई डोळा मिटत नाही.

जेवायला मला डुकराच्या पायांचं कालवण आणि माशाचं पांढरं सार, दोन्ही बिनमिठाचं. मिठानं दूध आटतं. रोज सकाळी दोंग मावशी माझ्या दुदोवाच्या खिशात लवंग, चंदन आणि अगरूची पूड घालायची, आणि संध्याकाळी तो दुदोव घेऊन जायची. वारसाला वास चांगला लागला पाहिजे. मी काय घालते, काय खाते, कशाचा वास मारते, यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. त्यानं बरंही वाटायचं. विचार करावा लागत नसे.

बायकांचे आतले कपडे मागच्या अरुंद चौकात वाळायचे. तिथं ऊन येत नसे. उन्हात टाकले तर शेजारच्या गच्चीवरून दिसतील, आणि त्या काठीखालून एखादा पुरुष गेला तर त्याचं नशीब फिरतं म्हणत. त्यामुळे त्या घरात कुठलंच कापड खडखडीत वाळायचं नाही, सगळ्यांना जरा ओल असायचीच. एका टोकाला थोरल्या बाईसाहेबांची छातीची पट्टी, हात पसरले तरी पुरणार नाही एवढी लांब. मग बाओशंगच्या आईचे, म्हणजे धाकट्या बाईसाहेबांचे, किरमिजी रेशमाचे दुदोव, त्यांवर बदकांची जोडी. मग माझे पांढरे. शेवटी मोलकरणींचे, ठिगळांचे.

थोरल्या बाईसाहेब कधी कधी तिथं वेताची खुर्ची टाकून बसायच्या.

"माझ्या आजीच्या पेटीत तिच्या आजीचं एक होतं," एकदा त्या म्हणाल्या. "त्याला गाठी पुढं. ओळीनं, गळ्यापासून कमरेपर्यंत. बाई आपली आपण घालायची, आपली आपण सोडायची. मग कुणाला सुचलं कोण जाणे, बंद मागे नेले. तेव्हापासून बांधायला दुसरी बाई लागते."

"म्हणून तर आमची पोटं भरतात," दोंग मावशी म्हणाली.

"तुझं पोट पट्टीनं भरत नाही, माझ्या स्वयंपाकघरातल्या बदकानं भरतं. मला दिसत नाही असं समजू नकोस."

धाकट्या बाईसाहेबांची गाठ सगळ्यांत घट्ट असायची. विशीच्याही नव्हत्या त्या. बाळंत झाल्यावर त्यांचं दूध आटवायचं म्हणून छातीवर पांढरी पट्टी आवळली होती, आणि तिच्यावर दुदोव. पाजत राहिलं तर पुढचं मूल लवकर राहत नाही, आणि एका मुलाचा भरवसा काय, असं थोरल्या बाईसाहेबांचं म्हणणं. रोज सकाळी दोंग मावशी त्यांच्या पाठीला गुडघा लावून बंद ओढायची. पडद्यापलीकडून मला त्यांचा श्वास अडकलेला ऐकू यायचा.

दुपारी त्या बाओशंगला घ्यायला यायच्या. सुरुवातीला तो त्यांच्या मांडीवर गेला की कमान करून किंचाळायचा. त्या जरा वेळ हलवायच्या, मग माझ्याकडे द्यायच्या. माझ्याकडे आला की गप्प. त्या बघत उभ्या राहायच्या. मला तेव्हा विजयी वाटायला हवं होतं की वाईट, ते कळायचं नाही. मी त्याच्या नाकाखाली बोट धरायची.

पुढं पुढं तो त्यांच्याकडे रडेनासा झाला. मला वाटलं, सवय झाली असेल.

च्याओ पहिल्यांदा आली ती शिंगाड्यांची टोपली घेऊन. पाण्याकडच्या दाराशी मला बोलावणं आलं. होडी खांबाला बांधून ती पायरीवर उभी होती. मला बघून तिनं डोळे मोठे केले.

"वहिनी, तू तर फुगलीस गं! गालाला गाल आलाय."

"डुकराचे पाय खाते रोज."

"आम्ही डुकराची शेपटीही बघितली नाही गेल्या सणापासून. आणि गळ्यात काय? चांदी? बघू, चावून बघू."

"मीठ नसतं त्या कालवणात. बिनमिठाचं खावं लागतं."

"मग राहू दे. तुझी चांदी तुलाच लखलाभ." ती हसली आणि लगेच थांबली. टोपलीची कड बोटानं खाजवू लागली. "आल्येन चमचा घेत नाही."

मी टोपली तिच्या हातातून काढून खाली ठेवली.

"शेळीचं दूध दिलं, पेज दिली. ओठ असे आवळून धरते. आईनं नाक धरलं तर गिळते थोडं, मग ओकते. दिवसभर मान इकडून तिकडं करते, तुला शोधते. आई म्हणते, अंगावरचा दुदोव पाठव, न धुतलेला. ती स्वतः बांधील आणि पाजील. चुन काकूच्या नातवाला तसंच पाजलं होतं, ती वारली तेव्हा."

"ती म्हणजे कोण?"

"त्या मुलाची आई."

होडी पायरीला टक्‌टक् आपटत होती. मी म्हणाले, बघते.

दोंग मावशीकडून एक दुदोव मागणं म्हणजे तिच्या मानेवर सुरी ठेवणं होतं. बाईच्या अंगालगतचं कापड घराबाहेर गेलं तर त्यावर करणी करता येते, आणि वारस जे अंग पितो त्या अंगावरचं कापड गेलं तर विचारूच नका. मी तिला सगळं सांगितलं. माझा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा येत होता. बहुतेक त्यालाच ती घाबरली.

"रडत तरी जा गं बाई. अशी काय सांगतेस?" मग तिनं माझ्या पाठीचा बंद सोडला आणि अंगावरचा दुदोव काढून माझ्याच हातात दिला. "उंदरानं कुरतडला म्हणेन. या घरात उंदीर माझ्या फार उपयोगी पडतात."

तो मी शिंगाड्यांच्या रिकाम्या टोपलीत सालांखाली घालून च्याओकडे दिला.

च्याओ परत आली तेव्हा टोपली घेऊन वर चढली नाही. होडीतच बसून राहिली.

"नाही घेतला," ती म्हणाली. "आईनं बांधला. आल्येननं आधी नाक खुपसलं. आम्हाला वाटलं, झालं. मग तिनं असं तोंड केलं आणि किंचाळली. काळीनिळी झाली गं. आई म्हणाली, हा आपल्या सुनेचा नव्हेच, कुठल्या तरी देवळाचा आहे. नुसता उदबत्त्यांचा वास."

मी बाही वर करून माझा हात हुंगला. लवंग, चंदन. खाली कुठंतरी दुसरं काही असेल म्हणून पुन्हा हुंगला. नव्हतं.

"तुझा जुना कुठाय? भोपळ्याच्या वेलाचा?"

"जाळला."

"कोणी?"

"इथल्या रीतीनं."

च्याओनं पाण्याकडे बघितलं. "पायाच्या काड्या झाल्यात तिच्या. रडतही नाही आता फारशी." मग चिडून म्हणाली, "वहिनी, काहीतरी बोल ना! तुला काही होत नाही का?"

मला हात-पाय सुन्न झाल्यासारखे वाटत होते. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग. मी म्हणाले, "जा तू. अंधार व्हायच्या आत पोच."

दोंग मावशी मागच्या चौकात पट्ट्यांच्या सुरकुत्या काढत होती.

"माझा दुदोव कुठं जाळला?"

"कुठं म्हणजे? चुलीत."

"नक्की?"

"जाळला म्हणजे जाळला." पण हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिची नजर आतल्या दालनाकडे गेली आणि पट्टीवर परत आली. एरवी ती खोटं बोलताना उंदीर तरी आणायची. या वेळी तिनं उंदीरही आणला नाही.

दुपारी धाकट्या बाईसाहेब आल्या. मी बाओशंगला त्यांच्या मांडीवर दिलं आणि या वेळी पायाशी बसून नीट बघितलं. तो रडला नाहीच. त्यानं त्यांच्या छातीशी तोंड फिरवलं, नाक घासलं, मूठ त्यांच्या अंगरख्यात रुतवली आणि डोळे मिटले. त्या त्याच्या कानाशी काही बोलायला वाकल्या तेव्हा मागची गळपट्टी मानेपासून सुटली. सोन्याची साखळी तिथं नव्हती. लाल दोरी होती.

मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. टोकाला गाठ होती, आणि ती गाठ माझी. दोरी तुटली होती तेव्हा मीच बांधली होती, आल्येन पोटात असताना.

"बाईसाहेब," मी म्हणाले. "तो माझा आहे."

त्यांनी मान वर केली. बाओशंगवरचा हात तसाच राहिला. आधी त्या काय म्हणतेस तू, असं म्हणतील असं वाटलं. पण त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला.

"दोंग मावशीला बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "मी मागून घेतला. ती जाळायलाच निघाली होती."

"मला तो हवाय."

"बाओशंग येत नव्हता गं माझ्याकडे. तू बघत होतीस ना? तुझ्या देखत किंचाळायचा. मला वाटलं, तुझा वास लागतो त्याला, तर तुझा वास अंगावर घालू. पहिले काही दिवस नाही झालं. मग यायला लागला." त्यांनी अंगरख्याची कड घट्ट धरली. "धुतला नाही मी. तुझा वास जाऊ नये म्हणून एकदाही धुतला नाही. दाई, मी तुला माझा देते. सोन्याच्या साखळीसकट देते."

"माझी मुलगी चमचा घेत नाही, बाईसाहेब. पाय वाळलेत तिचे. माझ्या अंगाचा वास असलेलं दुसरं काही या जगात नाही. माझ्याही अंगाला तो आता नाही."

बाओशंग झोपेत ओठ चोखत होता. बाहेर कोणीतरी बदकं हाकत होतं.

"तो काढला की हा पुन्हा रडेल," शेवटी त्या म्हणाल्या. त्यांना तो रडण्याची जितकी भीती होती, तितकीच मला आल्येन रडेनाशी झाल्याची होती. पण मी ते बोलले नाही. नुसता हात पुढं केला.

त्यांनी बाओशंगला गादीवर ठेवलं आणि पडद्यामागे गेल्या. "ये, बंद सोड. मला सुटत नाहीत." मी मागून सोडले. दुदोव हातात आला, गरम आणि जड. त्याच्या खालची पांढरी पट्टी मधोमध भिजलेली होती.

मी दुदोव नाकाशी धरला.

मी तयारीत होते. सुंठ, नागदवणा, तुतीचा पाला, आमच्या माळ्यावरचा किड्यांचा वास, माझं घामट, आंबूस अंग. त्यातलं काही नव्हतं. गुलाबपाण्याचा अगदी थोडा वास, एका तरुण बाईचा घाम, आणि आंबटगोड दूध. माझं नव्हे. माझं मी रोज पाजते, मला त्याचा वास माहीत आहे. हे पातळ होतं, नवं होतं. पट्टीतून झिरपून जुन्या कापडात थरावर थर वाळलेलं.

मी पुन्हा पुन्हा हुंगत राहिले. बाईसाहेब उघड्या पाठीनं उभ्या होत्या.

"काय झालं?"

न सांगता येण्यासारखं होतं. दुदोव घेऊन निघून जाता आलं असतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा कोणाचं भलं किंवा वाईट असं काहीच नव्हतं, नुसतं जे होतं ते होतं, आणि ते तोंडातून बाहेर आलं.

"हा माझा वास नाही. माझा केव्हाच उडाला. हा तुमचा आहे."

"काहीतरी बोलू नकोस."

"तुमचं दूध आटलेलं नाही, बाईसाहेब. पट्टी बघा. पहिले काही दिवस तो आला नाही, कारण तेव्हा यात माझा वास आणि नागदवणा होता, आणि मला तर तोवर चंदनानं पुसून टाकलं होतं, माझा जुना वास त्याला माहीतच नव्हता. मग यात तुमचं दूध मुरलं. तो तुमच्याकडे येतोय."

त्यांनी पट्टीवर हात ठेवला आणि बोटं बघितली. मी पट्टीची गाठही सोडली. मागे बांधलेली, ओली, आवळून दगड झालेली. ती त्यांनी आपली आपण कधीच सोडली नसती. मग मी बाओशंगला उचलून त्यांना दिलं. अंगावर माझं काही नाही, सोन्याची साखळी नाही, काहीच नाही. त्यानं डोळे न उघडता डोकं फिरवलं आणि शोधलं.

त्या रडल्या की हसल्या, ते मला माहीत नाही. मी पडद्याबाहेर येऊन बसले. माझ्याही अंगाला पाझर फुटला होता, त्याच्या आवाजानं. तो मी हातातल्या दुदोवात जिरू दिला.

कापड तर मिळालं होतं, पण त्यात मी नव्हते. मला मी परत आणायला हवी होती. च्याओला निरोप धाडला की घरून मोहरीच्या पाल्याचं खारवलेलं लोणचं आण, सुंठ आण, नागदवणा आण, माळ्यावरच्या टोपलीतला वाळका तुतीपाला आण. तिनं सगळं आणलं आणि काही विचारलं नाही. दुदोव मी नुसत्या पाण्यातून काढला आणि रेशमाच्या आतून घातला. लोणचं कोठीत उभ्यानं खाल्लं. जिभेला मीठ लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण ते मिठाचं. दोंग मावशी रोज चंदनाची पूड घेऊन यायची आणि खिडकीतून फुंकून टाकायची.

"मला काही दिसलं नाही," ती म्हणायची. "धाकटीनं सांगितलंय, मला दिसत नाही म्हणून."

पण नाकं सगळ्यांना असतात. एक दिवस थोरल्या बाईसाहेब दारातच थबकल्या.

"लोणचं कोण खातंय? दाई, तोंड उघड."

मी उघडणार होते. तेवढ्यात धाकट्या बाईसाहेब माझ्या पुढं आल्या.

"मी खातेय, आई. दोन दिवस झाले, आंबट-खारटच लागतंय मला."

थोरल्या बाईसाहेबांची छडी जमिनीवर टेकायची राहिली. त्यांनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आंबट?"

"आंबट."

"दोंग! पट्टी काढ तिची. पोटाला ताण नको आता. आणि ते लोणचं सगळं तिच्या खोलीत नेऊन ठेवा." जाताना मागे वळून म्हणाल्या, "दाई, बघतेस काय? तुझ्या दुधानं नशीब आणलं."

त्या गेल्यावर दोंग मावशी भिंतीला टेकून खाली बसली. "आता हे नशीब बाहेर कुठून काढायचं, ते सांगा मला!"

"तेव्हाचं तेव्हा," धाकट्या बाईसाहेब म्हणाल्या. त्यांचा हात छातीवर होता. पट्टी नसलेल्या छातीवर तो कसा ठेवावा ते त्यांना अजून जमत नव्हतं.

दुदोव अंगावर पुरेसा मुरला असं वाटलं तेव्हा मी तो काढून हुंगला. पूर्वीचा वास तो नव्हता. पण माझ्या ओळखीचा होता. एखादी लांबची बहीण दिसावी तसा. च्याओनं तो तिथल्या तिथं आपल्या अंगरख्याआड बांधला. "वाटेत उडायला नको," ती म्हणाली आणि वल्हं उचललं.

मग वाट बघणं. वाट बघण्यात मी हुशार आहे. बाओशंगच्या नाकाखाली बोट धरायची, काढायची. दुपारी तो त्याच्या आईकडे असायचा, पडद्यामागे. तेवढा वेळ मी बाहेर बसायची, कोणी येतंय का बघायला.

तुतीला नवी पानं आली तेव्हा च्याओ आली. होडी खांबाला बांधायच्या आधीच ओरडली, "खाते गं!"

मी पायरीवर खाली बसले.

"पहिल्याच दिवशी. आईनं बांधला, आल्येननं नाक लावलं, जरा वेळ नुसती पडून राहिली, आणि मग तोंड उघडलं. वाटीभर! आता तर अंगावर येते. दात आलेत दोन, च्याओ आत्याला चावते. पाय बघशील तर हे असे." तिनं दोन्ही हातांनी भोपळा दाखवला. "आईला सोडत नाही. आई उकिरड्यावर गेली तरी मागे रांगत जाते. रात्री तिच्याच कुशीत. मी घ्यायला गेले तर मान फिरवते. आईशिवाय कोणीच चालत नाही."

आई म्हणजे माझी सासू. ते कळायला मला एक क्षण लागला.

"बरं झालं," मी म्हणाले.

"अगं हो, हा घे." तिनं टोपलीतून घडी घातलेलं काही काढलं. "आई म्हणाली, परत दे तिला. आता लागत नाही. तशीच जाते आल्येन तिच्याकडे."

तो दुदोव होता. राखेच्या पाण्यात धुतलेला, तांदळाची खळ घातलेला. उन्हात वाळवला होता. आमच्याकडे दाराशी काठी असते, सगळ्यांना दिसेल अशी, आणि कोणाचं नशीब फिरत नाही. किती तरी दिवसांत इतकं कोरडं कापड मी हातात घेतलं नव्हतं. भोपळ्याच्या वेलाचा रंग जरा उडाला होता. मी तो नाकाशी नेला. उन्हाचा वास आला.

"काय हुंगतेस? स्वच्छ आहे," च्याओ म्हणाली. "आईनं दोनदा धुतलाय."

"दिसतंय."

"येशील तेव्हा तिच्यासाठी काहीतरी आण. लाल काहीतरी. लाल दिसलं की झडप घालते."

मी मानेची दोरी बघितली. गाठ सोडली, दोरी ओवणीतून ओढून काढली आणि तिच्या हातात दिली. "ही दे."

"एवढीशी?"

"खेळेल."

आतून बाओशंगचं रडणं आलं. धाकट्या बाईसाहेब पाहुण्यांत होत्या. दोंग मावशीनं खिडकीतून हाक मारली, "थाओ दाई, अगं चल, वारस पेटलाय!"

च्याओनं होडी सोडली. मी दुदोव घडी करून कमरेला खोचला आणि आत गेले. मला बघून बाओशंग गप्प झाला. मी चांदीची साखळी बाजूला सारली आणि त्याला जवळ घेतलं.